स्वस्त एसएमपीएसच्या पोटात

संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या खोक्यावर ‘५०० वॉट’ छापलेलं असतं, पण लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते आधी पाहा. १८ असतील तर जेमतेम २१६ वॉट. आणि आजचे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच ओढतात. आतली खरी कंजुषी मात्र वीज शिरते तिथे दिसते: फिल्टर कॉइलच्या जागी नुसती तार, सर्ज शोषणाऱ्या एमओव्हीची जागा रिकामीच. कपॅसिटरवर ८५ अंश लिहिलंय की १०५, तेही वाचावं; १० अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. जाळीतून टॉर्च मारून दिसेल तेवढं पाहावं.