वेदना, विद्रोह आणि श्वास

गेल्या वर्षी माझा रक्तदाब १५०/१०० निघाला. वय सदतीस. दंडाचा पट्टा सोडवीत डॉक्टरांनी विचारले, ''सर, टेन्शन फार घेता का?'' मी म्हणालो, ''घेत नाही डॉक्टर, ते घरपोच येते.'' ते हसले, मीही हसलो. परत येताना एसटीत मात्र हसू आले नाही. चळवळीतली किती माणसे अशी पन्नाशीच्या आत गेली, ते मी मनाशी मोजू लागलो. दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. वडील गवंड्याच्या हाताखाली राबले. आईने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. मी आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले, मग कायम झालो. कायम झालो की ताण संपेल असे वाटले होते. तो संपला नाही. भाकरीचा ताण गेला आणि स्टाफरूमचा आला. म्हणून हा लेख. माझे दुःख सांगण्यासाठी नव्हे, तर एका जुन्या साधनाची ओळख करून देण्यासाठी. ते साधन आपल्याच हाती आहे आणि आपणच त्याकडे संशयाने पाहत आलो आहोत.

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. ताण हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ती शरीराची एक व्यवस्था आहे. धोका दिसला की मेंदूचा इशारा मूत्रपिंडावरील ग्रंथींपर्यंत जातो. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात, पचन मंदावते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये या अवस्थेचे वर्णन 'लढा किंवा पळा' या अर्थाने केले. वाघ समोर आला तर ही व्यवस्था जीव वाचविते; वाघ निघून गेला की शरीर पूर्ववत होते. आपला वाघ निघून जात नाही. तो खोली भाड्याने देताना आडनाव विचारतो, नेमणुकीच्या यादीतला रकाना पाहून ओठ मुडपतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर चहा पीत बसलेला असतो. शरीर कायम तयारीत राहते. झोप तुटते, रक्तदाब चढा राहतो, आणि पुष्कळदा त्यावर तंबाखू वा दारू हा उतारा शोधला जातो.

आता साधनाकडे येतो. त्याचे नाव सति. मराठीत हा शब्द उच्चारला की चिता आठवते. पण पालीतील 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृति'. तिचा येथील अर्थ जागेपणा, भान. अष्टांगिक मार्गातील 'सम्मासति' ती हीच. १८८१ मध्ये रीस डेव्हिड्स यांनी तिचे भाषांतर 'माइंडफुलनेस' असे केले आणि तोच शब्द आज जगभर फिरतो आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात देव, मंत्र, आत्मा यांपैकी काही नव्हते. आपल्याकडे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये विपश्यना घेऊन आले. १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. म्हणजे बुद्धाची गोष्ट ब्रह्मदेश आणि अमेरिका फिरून आपल्या दारात परत आली.

सतिपट्ठान सुत्तात सतीची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म. यांतल्या दुसऱ्या शब्दाशी मी थबकलो. वेदना! दलित साहित्याची ओळख करून देताना आपण वर्गात फळ्यावर तीन शब्द लिहितो : वेदना, विद्रोह, नकार. आपल्या वेदनेचा अर्थ यातना. पालीतील वेदना त्याहून व्यापक आहे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी प्रत्येक संवेदना तिच्यात येते. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेनंतर तृष्णा येते : हवेसे वाटणे, नकोसे वाटणे, झडप घालणे. ही साखळी वेदनेपाशी तोडता येते, असे बौद्ध परंपरा सांगते. वेदना झाली म्हणजे लगेच उसळलेच पाहिजे असे नाही. मध्ये एक जागा असते. सति म्हणजे त्या जागेवर उभे राहण्याचा सराव.

सराव साधा आहे. खुर्चीवर बसा किंवा जमिनीवर. पाठ सरळ, ताठर नको. डोळे मिटा किंवा जमिनीकडे पाहा. श्वास आत जातो आहे, बाहेर येतो आहे, एवढेच जाणा. तो बदलू नका. मन पळेल. उद्याचे लेक्चर, बँकेचा हप्ता, कोणी तरी दहा वर्षांपूर्वी केलेला अपमान. मन पळाले हे कळले, की तेच भान. स्वतःला न रागावता पुन्हा श्वासावर या. शंभर वेळा पळाले तर शंभर वेळा या. मग पायापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवा : कुठे ताठरपणा आहे, कुठे ऊब आहे. रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. वसतिगृहाच्या गर्दीत जागा नसेल तर चालताना पावलांवर लक्ष ठेवावे, तेही चालते. श्वास हळूहळू सोडला की हृदयाची गती काहीशी मंदावते, हे कोणालाही नाडीवर बोट ठेवून पाहता येते.

याचा उपयोग किती? येथे भक्तिभाव नको, पुरावा हवा. २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३,५१५ माणसे होती. माइंडफुलनेसच्या सरावाने चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा पण खरा फरक पडतो असे त्यात दिसले. औषधे, व्यायाम अशा इतर उपचारांपेक्षा तो सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणून माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे. मीठ कमी केले आहे, रोज चालतो. ध्यान सुरू केले म्हणून कोणीही मनाने औषध बंद करू नये. आणखी एक इशारा. ज्याने अत्याचार भोगला आहे, त्याच्यापुढे डोळे मिटताच तेच दृश्य उभे राहू शकते. अशाने हट्टाने बसू नये. डोळे उघडावेत, जाणत्या माणसाशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे.

आता मुख्य आक्षेप. माझा एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, ''गड्या, जात बाहेर आहे आणि तू आत काय शोधतोस? उद्या मालक म्हणेल, पगार मागू नका, श्वास पाहा.'' हा आक्षेप मला मान्य आहे. मोठ्या कंपन्यांत हे घडतेही. कामाचे तास तेच ठेवायचे आणि नोकरांना ध्यानाचे वर्ग द्यायचे. अन्यायाचे रूपांतर व्यक्तीच्या आजारात करणे हीसुद्धा प्रस्थापितांची युक्ती आहे. बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील पाण्याच्या तंट्यात युद्धाला विरोध करतो म्हणून घर सोडतो. दुःख हे माणसाने माणसावर लादलेलेही असते, हा त्या मांडणीचा गाभा. परंतु त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी अष्टांगिक मार्गही समजावून दिला आहे आणि त्यातून सम्मासति वगळलेली नाही. समाज बदलायचा म्हणून मनाची मशागत सोडा, असे ते सांगत नाहीत.

माझा अनुभव सांगतो. विभागाच्या एका बैठकीत एक सहकारी म्हणाले, ''तुमचे काय सर, तुम्हाला सगळे आयतेच मिळते.'' पूर्वी असे ऐकले की मी उसळत असे. मग चर्चा त्यांच्या वाक्याची होत नसे, माझ्या आवाजाची होई. त्या दिवशीही कान तापले, छाती धडधडली. मी पाय जमिनीवर टेकवले, तीन श्वास पाहिले. राग गेला नव्हता. तो तिथेच होता. पण जीभ माझ्या ताब्यात होती. मी म्हणालो, ''आपले हे वाक्य इतिवृत्तात नोंदवावे, अशी माझी विनंती आहे.'' खोलीत शांतता झाली. इतिवृत्तात ते वाक्य आले नाहीच. दुसऱ्या दिवशी मी लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. तिचा निकाल अजून लागलेला नाही. पण त्या रात्री मला झोप लागली.

यावरून माझे एक मत बनले आहे. उसळणे म्हणजे विद्रोह नव्हे. उसळणे ही प्रतिक्रिया आहे. तिची वेळ आणि जागा आपल्याला डिवचणारा ठरवितो. विद्रोहाची वेळ आणि जागा आपण ठरवायची असते. त्यासाठी भान लागते, आणि ते भान टिकायला शरीरही टिकावे लागते. सति कायद्याची जागा घेत नाही, संघटनेची घेत नाही, मोर्चाची तर नाहीच. पण मोर्चाहून परतलेल्या माणसाला झोप लागावी आणि तो पुढच्या मोर्चापर्यंत जगावा, एवढे काम ती करू शकते.

सकाळी मी बसतो तेव्हा आई दारात तांदूळ निवडत असते. एकदा तिने विचारले, ''डोळे मिटून काय करतोस रे?'' मी समजावून सांगितले. ती म्हणाली, ''म्हंजी दम खातूस. आमी बी खात हुतो की, पाटी खाली ठिवून. दम खाल्ला न्हाई तर दुसरी पाटी उचलंल कोन?''