मामाचे विमान
गिरगाव चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले असे म्हणतात. पक्का पुरावा मात्र नाही.

लालबागच्या माझ्या मामाने थर्मोकोलचे रेडिओवर चालणारे विमान केले आहे. ते लगेच उडवत नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर खालून बोटे लावून उचलायचे. नाक किंचित झुकले तर ठीक. शेपूट झुकली तर नाकात वजन घालायचे. आधी रिमोट चालू, मग विमान. बंद करताना उलटे! काडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर झाली पाहिजे. मामाची खाली गेली! तसेच सोडले असते तर डावीकडे वळून आपटलेच असते. रिमोटवरची कळ फिरवून ते सुधारले.

लालबागला गर्दी फार, म्हणून दिवाळीत मामा विमान गावी आणणार. माळावर वाऱ्याकडे तोंड करून सोडू.