कुटुंबाचा निधी, विद्यार्थ्याचं संशोधन

मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरिअल ट्रस्ट स्थापन केला, त्याच आजाराच्या संशोधनासाठी. अल्झायमरसाठीही घराघरांतून असे निधी उभे राहायला हवेत.

गरज मोठी आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांत प्रमाण ५.३ टक्के, खेड्यांत ८.४. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. तरी खेड्यात ‘म्हातारपणी चालायचंच’ म्हणून विषय संपतो.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटमध्ये आणखी एक अडचण आहे. इथली आजी गोंडी, कोलामी, गोरमाटी किंवा तेलुगू बोलणारी, बहुधा शाळेची पायरी न चढलेली. तिला आकडेमोड करायला लावून स्मृती कशी तपासणार? हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदी चाचणी बेतली: आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ? तुमच्या गावाचं पोस्ट कुठलं? गोंडी-कोलामीतही अशी पारखलेली चाचणी हवी.

हे काम विद्यार्थी करू शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) १९७९पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी विद्यावेतन देते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला कौटुंबिक निधीतून पाड्यांवर जाण्याचा खर्च आणि गावातल्याच दुभाष्याचं मानधन मिळालं, तरी सुरुवात होईल. मात्र नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. रुग्णाला समजून संमती देता येत नसेल, तर घरच्यांचीही.