खर्रा, भूक आणि मेंदू

यवतमाळ जिल्ह्यात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करून देतात. तो तोंडात धरला की भूक मरते, असे खाणारे सांगतात. त्यामागे शास्त्र आहे.

चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून लवकर रक्तात शिरते आणि मेंदूत पोचते. तेथे हायपोथॅलॅमस या भागात भूक व ऊर्जेचा हिशेब चालतो. 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या उंदरांवरील संशोधनानुसार, निकोटीन येथील ‘पॉम्क’ चेतापेशींना चेतवते. या पेशी ‘पोट भरले’ असा संदेश देतात; उंदीर कमी खातात, त्यांची चरबी घटते. शिवाय निकोटीनमुळे शरीराचा ऊर्जाखर्चही थोडा वाढतो.

निकोटीन विडी-सिगारेटच्या धुरातूनही मिळते; म्हणूनच धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढू शकते. पण याचा अर्थ तंबाखू वजनावरचे औषध आहे, असा नाही. धूम्रपान करणाऱ्यांत पोटाची चरबी आणि मधुमेहाचा धोका अधिक आढळतो. खर्ऱ्यातील सुपारीने तोंड उघडणे कठीण होते. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगाला कारण ठरतात. राबणाऱ्या माणसाची मेलेली भूक म्हणजे कुपोषणाला आमंत्रण.

खर्रा सोडताना वाढणारी भूक फळे, ताक, फुटाणे यांनी भागवावी. मदतीसाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. वाढलेले वजन उतरवता येते. कर्करोगाने गेलेला जबडा परत येत नाही.