गुप्त ठेवलेला रोग

संघटनेच्या कचेरीत माणसे मजुरीची गाऱ्हाणी घेऊन येतात. पण काही गाऱ्हाणी चारचौघांत बोलता येत नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका जिनात काम करणारा तरुण बैठक संपल्यावर मागे रेंगाळला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुप्तांगावर एक व्रण आला होता. तो दुखत नव्हता. बाजारातील तंबूवाल्या वैदूने आठवड्याची मजुरी घेऊन पुड्या दिल्या आणि महिन्याभरात व्रण गेला. आता त्याच्या बायकोला मेलेले मूल झाले होते, आणि घरचे सारे तिलाच बोल लावीत होते.

त्या पुड्यांचा गुण कसला होता? रोग होता उपदंश, ज्याला आपण गरमी म्हणतो. त्याचा जंतू १९०५ साली सापडला. बाधित व्यक्तीशी संबंध आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी व्रण उठतो, आणि काही औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. जंतू मात्र शरीरातच राहतात. पुढे अंगावर पुरळ येते, तेही जाते. मग कित्येक वर्षे सारे शांत. आणि अखेर काहींच्या हृदयावर वा मेंदूवर घाला पडतो. मधल्या काळात पोटातल्या गर्भालाही बाधा होते. व्रण गेला म्हणजे रोग गेला, या समजुतीवरच भोंदू जगतो. खरा निवाडा रक्ततपासणीचा. रोग लवकर ओळखला, तर पेनिसिलिनच्या एका दीर्घ परिणामी इंजेक्शनाने तो बरा होतो.

परम्याची तऱ्हा निराळी. पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू जातो. पुष्कळ स्त्रियांना मात्र काहीच जाणवत नाही. रोग आत पसरतो, मूल होत नाही, आणि ‘वांझ’ हा शिक्का तिच्या कपाळी बसतो. म्हणून औषध दोघांनी घेतले पाहिजे. एकट्याने घेतले तर रोग पुन्हा घरी परततो.

हे उघड बोलण्याची किंमत महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मोजली. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यापायी नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

आज साधने पुष्कळ आहेत. निरोध दर वेळी व नीट वापरला, तर धोका फार कमी होतो. कावीळ ‘ब’ आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणू यांवर लस आहे. गरोदरपणी उपदंश व एचआयव्ही यांची तपासणी अवश्य करावी. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी व औषध विनामूल्य मिळते. एचआयव्ही एका ताटात जेवल्याने वा एका यंत्रावर काम केल्याने होत नाही; आणि २०१७ च्या कायद्यान्वये त्या कारणावरून कामगाराशी भेदभाव करता येत नाही.

त्या जोडप्याबरोबर मी रुग्णालयात गेलो. तो मान खाली घालून रांगेत उभा होता. ती मात्र ताठ उभी होती. आपले मूल का गेले, हे तिला त्या दिवशी प्रथमच कोणी सांगणार होते.