डोंगर आणि देह – भाग ७ : प्यायचं पाणी आणि न्यायचं पाणी

गेल्या आठवड्यात आपण घाम पाहिला. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि दमट हवेत तोच घाम नुसता निथळून वाया जातो, इथवर आपण आलो होतो. त्यामागून प्रश्न येतोच: मग पाणी किती प्यायचं? घरी किती, आणि डोंगरावर किती?

यात खरं तर दोन प्रश्न एकात मिसळलेले आहेत. पाणी किती प्यायचं हा एक, आणि किती न्यायचं हा दुसरा. पहिल्याचा निर्णय निरोगी माणसानं बेलाशक तहानेवर सोपवावा. दुसरा मात्र तहानेवर सोडता येत नाही, कारण आदल्या रात्री सॅक भरताना तहान लागलेली नसते. तिथे हिशेबच करावा लागतो. डोंगरात पाण्यावाचून हाल होतात ते बहुधा हा हिशेब न केल्यामुळे. आणि ‘प्या, प्या, तहान नसली तरी प्या’ या घोषानं वेगळंच संकट ओढवतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी घरचं पाहू. ‘रोज आठ ग्लास’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो. या आकड्याचा माग अनेकांनी १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीपर्यंत नेला आहे. तिथल्या अन्न व पोषण मंडळानं प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं, पण यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, हेही लगेच पुढे सांगितलं होतं. अडीच लिटर लोकांच्या लक्षात राहिलं, अन्नाचं वाक्य गळून पडलं. हाइन्झ वाल्टिन हे मूत्रपिंडाचे अभ्यासक. त्यांनी २००२ मध्ये या आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार शोधायचा कसून प्रयत्न केला. समशीतोष्ण हवेत बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसानं एवढं प्यायलाच हवं, असा पुरावा त्यांना सापडला नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये पुरुषांसाठी अडीच आणि बायकांसाठी दोन लिटर असं मान ठरवलं. हे मान अन्न, चहा, दूध सगळं धरून आहे, तेही बेताच्या हवामानात बेताची हालचाल करणाऱ्यांसाठी. आपल्या ताटाकडे पाहा. शिजलेल्या भाताच्या वजनात जवळजवळ सत्तर टक्के पाणीच असतं. काकडीत पंचाण्णव टक्के, कलिंगडात नव्वदच्या वर. वरण, आमटी, कढी, ताक यांचं तर सांगायलाच नको. चहा-कॉफीनं पाणी ‘कमी होतं’ हाही गैरसमज आहे. रोजच्या दोन-तीन कप चहातलं पाणी अंगी लागतंच. म्हणून वरणभात-ताक जेवणाऱ्या माणसाला वेगळं प्यायचं पाणी कमी लागतं, आणि फरसाण-पावावर दिवस काढणाऱ्याला जास्त.

तहान लागते कशी? रक्तातलं मिठाचं प्रमाण मेंदू सतत तपासत असतो. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं तरी दोन गोष्टी होतात. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा आदेश जातो, म्हणून लघवी कमी आणि गडद होते, आणि आपल्याला तहान लागते. पाणी प्यायल्यावर ते रक्तात उतरायच्या आधीच, घसा आणि पोटाकडून खबर मिळताच, तहान शमू लागते. ‘तहान लागली म्हणजे उशीर झालाच’ असं ठासून सांगितलं जातं, ते खरं नाही. तहान अगदी वेळेवर येते, फक्त तिचं ऐकायची मुभा हवी.

ती मुभा सगळ्यांना नसते, हे मात्र कळकळीनं सांगायचं आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची तहानेची जाणीव बोथट होते. त्यांच्या हाताशी तांब्याभांडं ठेवावं आणि जेवणाच्या, औषधाच्या वेळी आठवणीनं प्यायला द्यावं. मुतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला डॉक्टर सांगतात, तिथे तहानेवर भागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा पाऊण लिटरच्या आसपास जास्त लागतं. उलट हृदय किंवा मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्यांना पाणी मोजूनच प्यावं लागतं, आणि शेजाऱ्यांचा ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला त्यांना दवाखान्यात पोहोचवू शकतो. शिवाय कितीतरी मुली आणि बायका तहान लागूनही पीत नाहीत, कारण शाळेत, एसटीच्या प्रवासात किंवा कामाच्या जागी स्वच्छतागृह नसतं किंवा वापरण्याजोगं नसतं. हा प्रश्न त्यांच्या सवयीचा नाही, तो सोयीचा आहे.

आता डोंगर. चढणीवर माणसाचा घाम तासाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त जातो. एकाच गटातल्या दोघांत तिप्पट फरक असू शकतो. त्यामुळे ‘ट्रेकला माणशी तीन लिटर’ हा सरसकट आकडा कुणाला ओझं होतो आणि कुणाला तोकडा पडतो. स्वतःचा आकडा काढायला घरचा वजनकाटा पुरतो. जवळच्या टेकडीवर, समजा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, नेहमीच्या डोंगरचालीनं दीड तास चाला. निघण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर अंग पुसून, घामेजलेले कपडे काढून पुन्हा करा. ओल्या कपड्यांत घामाचं वजन लपतं, म्हणून ही काळजी. वजन ७० वरून ६९.४ किलो झालं आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलं, तर घाम गेला १.१ लिटर, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या जरा कमी.

याच चालीनं सहा तासांची चढउतार असेल तर साधारण साडेचार लिटर घाम जाईल. पण तेवढं सगळं वाटेतच भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची तूट बहुतेकांना सोसते, आणि संध्याकाळच्या जेवणा-चहात ती भरून निघते. ७० किलोच्या माणसाला ही सूट १.४ लिटरची. उरले तीन लिटर. त्यात वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, अंधार पडला, तर म्हणून एक लिटर राखीव. झाले चार लिटर, म्हणजे पाठीवर चार किलो. वाटेत खात्रीचा पाणवठा असेल तर यातलं निम्मं वजन खाली ठेवता येतं, आणि म्हणूनच पाणवठ्याची खात्री करणं हे ट्रेकच्या तयारीतलं सगळ्यांत मोलाचं काम आहे.

सह्याद्रीत हा आकडा ऋतूप्रमाणे आणि बाजूप्रमाणे बदलतो. देशावरून गडावर चढणं वेगळं आणि कोकणातून घाटमाथ्यावर येणं वेगळं. बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड किंवा वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढताना हवा दमट असते, दरीत वारा पडलेला असतो आणि घाम वाळत नाही. तिथे टेकडीवर काढलेल्या आकड्यात निदान तिसरा हिस्सा वाढवावा, असं माझं मत आहे. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. डोंगर हिरवे दिसतात, झरे आटायला लागलेले असतात आणि अंग पावसाळ्याला सरावलेलं असतं. उन्हाला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून हंगामातल्या पहिल्या उन्हाळी ट्रेकला पाणी जास्त आणि पल्ला कमी ठेवावा. भर पावसात उलट होतं. अंग भिजलेलं, गार पडलेलं, तहान कमी आणि लघवी जास्त. तेव्हा जबरदस्तीनं पिऊ नये, पण बाटली सॅकच्या तळाशी पुरूनही ठेवू नये. हाताशी असलेलं पाणीच प्यायलं जातं.

आपल्या डोंगरांत पाण्याचा विचार फार जुना आहे. नाणेघाटात सातवाहनकाळापासून व्यापाराची वर्दळ होती, आणि त्या वाटेवर कातळात खोदलेली टाकी आजही आहेत. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, राजगडावरचा पद्मावती तलाव, रायगडाचा गंगासागर ही सगळी गडाच्या बांधणीइतक्याच काळजीनं केलेली कामं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त तर गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून न राहता राखीव साठा ठेवावा, असं बजावलं आहे. लिटरभर राखीव पाण्याचा माझा आग्रह त्याच जातीचा. मात्र नकाशावर टाक्याची खूण असली म्हणजे पाणी असेलच असं नाही. होळीनंतर कितीतरी टाकी तळाला जातात, काहींत शेवाळ आणि गाळच उरतो. पायथ्याच्या गावातल्या दादांना किंवा मावशींना दोन प्रश्न विचारावेत: वर पाणी आहे का, आणि तुम्ही ते पिता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. कळसूबाईच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी ताक आणि लिंबूसरबत मिळतं, ते जरूर घ्यावं, पण त्या भरवशावर बाटली रिकामी नेऊ नये.

आता दुसरं संकट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं. धावता धावता ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी ज्यांच्या पोटात गेलं होतं, त्यांना धोका सर्वांत जास्त होता. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये भर उन्हाळ्यात पायी फिरणाऱ्यांनाही डॉक्टरांनी याच कारणानं आजारी पडलेलं पाहिलं आहे. मूत्रपिंडं तासाला सुमारे ८०० मिलिलिटर ते एक लिटर एवढंच पाणी बाहेर टाकू शकतात, आणि अंगमेहनतीत ही ताकद आणखी कमी होते. घामातून मीठ जातच असतं. वरून साधं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, पेशी फुगतात, आणि कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, मळमळ, उलटी, भ्रम आणि शेवटी झटके अशी ही चढती भाजणी आहे.

अडचण अशी की पाणी कमी पडल्यावरही डोकं दुखतं आणि मळमळतं. म्हणून गटाच्या लीडरनं बाटली पुढे करण्याआधी विचारावं: आतापर्यंत किती प्यायलास? लघवीला शेवटचा कधी गेलास, रंग कसा होता? तोंड कोरडं, लघवी गडद आणि थोडी, तहान जोराची, तर पाणी कमी पडलंय. लघवी पाण्यासारखी आणि वरचेवर, बोटं सुजून अंगठी घट्ट झालेली, तहान नाही, आणि सकाळपासून बाटल्यांवर बाटल्या संपवलेल्या, तर साधं पाणी ताबडतोब थांबवावं आणि खारट खायला द्यावं. बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा झटका आला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, आणि किती पाणी पोटात गेलं हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

यावर उपाय महागडे नाहीत. दोन-तीन तासांच्या चालीला पाणी पुरतं. त्यापुढे पाण्याबरोबर मीठ पोटात जायला हवं. भाकरी-ठेचा, लोणचं, खारे दाणे, चिवडा, मीठ घातलेलं ताक हे सगळं चालतं. फार घाम येणाऱ्यानं ओआरएसचं पाकीट जवळ ठेवावं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात घालावं, अंदाजानं चिमूट-चिमूट नाही. घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते पाहावं, कारण तशाच दिसणाऱ्या गोड पेयांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखर-पाण्यानं कॉलऱ्याच्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणलं होतं. त्याची ताकद कमी लेखू नये.

ट्रेक नेणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गटातल्या मुली सकाळपासून बाटलीला तोंड लावत नसतील, तर बहुधा त्या आडोशाच्या चिंतेनं तहान मारत असतात. दर दोन तासांनी थांबा जाहीर करा, मुलग्यांना पुढच्या वळणापर्यंत पाठवा, आणि हे निघतानाच सगळ्यांसमोर सांगा. उन्हात अडकवून ठेवलेल्या लघवीनं होणारा जंतुसंसर्ग आणि तहानेनं येणारी भोवळ, दोन्ही एवढ्यानं टळतात.

या रविवारी काट्यावर उभे राहून आपला तासाचा घाम काढा आणि तो आकडा सॅकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, उन्हाळ्याचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं कसं करायचं, म्हणजे उकळणं, क्लोरीनच्या गोळ्या, गाळण्या आणि त्यांच्या मर्यादा, हे पुढच्या भागात.