दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेतून

या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, भाषा, विज्ञान अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विवेचन केले आहे. माझा अधिकार एवढाच, की गोव्यातील एका सिंफनी ऑर्केस्ट्रात मी सव्वीस वर्षे दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटून दुसऱ्या स्टँडवर बसलो. पोटापाण्यासाठी बँकेत नोकरी होती. ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते, त्यांनी मला शाळकरी वयात दर गुरुवारी शेवटच्या तासाला तालमीसाठी घरी सोडले. त्यांना स्वतःला नाट्यसंगीताखेरीज काही रुचत नसे, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करतो.

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्याकडे मांडवातील सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे तंतुवाद्ये, लाकडी व पितळी सुषिरवाद्ये आणि तालवाद्ये यांचा साठ ते शंभर वादकांचा समूह. प्रत्येकापुढे त्याच्यापुरती स्वरलिपी असते आणि कोणीही दुसऱ्याची ओळ वाजवत नाही. आपल्याकडे वाद्यवृंद नव्हता असे नव्हे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना घेऊन मैहरचे वाद्यवृंद उभे केले, बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंगही त्यात आणले. परंतु तेथे मुख्यतः सर्वजण मिळून एकच धून वाजवतात. सिंफनीत साठ माणसे एकाच वेळी निरनिराळे वाजवतात आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच वस्तू ऐकू यावी लागते.

गोव्यात हे संगीत चर्चच्या शाळांतून रुजले. तेथे मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपी वाचायला आणि रेबेक, म्हणजे व्हायोलिन, वाजवायला शिकवीत. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. मडगावात आमच्या शेजारी असेच एक वृद्ध मेस्त राहत. मी हिंदू घरातला, चर्चच्या शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुंपणावरून आलेला सूर कोणी अडवीत नाही. पुढे १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीताची अकादमी स्थापन केली आणि गोव्याचा सिंफनी ऑर्केस्ट्राही उभा केला. आज जी थोडी माणसे येथे हे काम करतात, ती सर्व या दोन मुळांपैकी कोणत्या तरी एकाला लागून आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. आपल्याकडे गायकाच्या गळ्याप्रमाणे षड्ज ठरतो, तंबोरा त्यास मिळवून घेतात. ऑर्केस्ट्रात सूर कोणा एकाच्या सोयीने ठरत नाही. ओबोवादक एक स्वर देतो, सामान्यतः सेकंदाला ४४० कंपनांचा, आणि सर्वजण त्यास मिळवून घेतात. गजाचेही तसेच. कोणता स्वर उतरत्या गजाने घ्यावयाचा आणि कोणता चढत्या, हे पुढच्या स्टँडवरील प्रमुख ठरवतो. आम्ही पेन्सिलीने खुणा करतो. एका स्टँडवर दोघे बसतात. श्रोत्यांकडील वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूच्याने पान उलटावयाचे असते. मी आतल्या बाजूचा. म्हणजे प्रत्येक पानाच्या अखेरच्या दोन-तीन मात्रा माझ्या वाट्याला फारशा आल्याच नाहीत.

सर्वांत अवघड गोष्ट लयीची. आपण तबल्याचा ठेका कानाने ऐकून समेवर येतो. मागच्या रांगेतील वादकाने कानावर विसंबून चालत नाही. ध्वनीला दहा मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन शतांश सेकंद लागतात. पुढच्यांचा स्वर ऐकून मी वाजवला, तर तो माझ्यापर्यंत येण्याचा आणि माझा श्रोत्यांपर्यंत जाण्याचा, असा दुहेरी उशीर होतो. म्हणून डोळा संचालकाच्या काठीवर आणि पुढच्या स्टँडच्या गजावर ठेवावा लागतो, आणि कानाला जे ऐकू येते त्याच्या किंचित आधी वाजवावे लागते. हे अंगी बाणण्यास मला पाच-सहा वर्षे लागली. ज्यांचे शिक्षण केवळ एकट्याने वाजवण्याचे झाले आहे, असे उत्तम वादक येथे पहिल्या तालमीत हमखास मागे पडताना मी पाहिले आहेत.

एकदा वडील कार्यक्रमास आले. घरी परतल्यावर त्यांनी विचारले, "सगळे छान झाले, पण त्यात तुझे कोणते?" मी घरची पेटी पुढे ओढली. षड्ज आणि पंचम दाबून धरले, मग मध्ये शुद्ध गंधार घातला, काढला, कोमल गंधार घातला. खालचा षड्ज चेलो आणि डबल बास यांच्याकडे, वरची धून पहिल्या व्हायोलिनांकडे, आणि मधला हा स्वर पुष्कळदा आम्हा दुसऱ्या व्हायोलिनांकडे असतो. तो शुद्ध की कोमल यावर साऱ्या मेळाचा भाव पालटतो. मात्र तो वेगळा ऐकू आला तर आमचे चुकले. वडिलांनी तीन-चार वेळा स्वतः पेटी दाबून पाहिली. मग म्हणाले, "बाबा रे, तो गंधार तरी जरा मोठ्याने वाजव."

न वाजवणे हाही कामाचा भाग असतो. द्वोर्झाकच्या १८९३ मधील 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत झांजेचा आघात एकदाच येतो, तोही शेवटच्या भागात. सुमारे चाळीस मिनिटांच्या रचनेत त्या एका आघातासाठी माणूस मोजत बसतो. आमच्याकडे हे काम पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ करीत. त्यांच्या बसभाड्याचा हिशेब समितीच्या बैठकीत निघे, तेव्हा एका आघातासाठी एवढा खर्च कशास, असा प्रश्न दरवेळी कोणीतरी करीच.

चरितार्थाचा प्रश्न या व्यवसायात जुनाच आहे. हायडन आणि त्याचे वादक एस्तरहाझी राजघराण्याचे नोकर होते. १७७२ मध्ये राजाने त्यांना उन्हाळी प्रासादात फार काळ ठेवून घेतले, कुटुंबे दूर राहिली. तेव्हा हायडनने अशी सिंफनी लिहिली, की शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोनच व्हायोलिने उरतात. राजाने संकेत ओळखून मुक्काम हलवला, असे सांगतात. गोव्यात मात्र वादक खरोखरच उठून गेले, आणि ते परत आले नाहीत. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. परंतु पुढे त्यांनाही मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जाऊन बसावे लागले. आमच्या माणसांना हिंदी चित्रपटांनी पोसले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे संयोजक गोव्याचेच. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत राग आणि स्वरमेळ एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद रंगमंचावर आणला. तो प्रयोग टिकला नाही, याची हळहळ मला त्यांच्या नावाच्या सिनेगीतापेक्षा अधिक वाटते. नव्वदीच्या दशकात सिंथेसायझरने ध्वनिमुद्रणगृहातील खुर्च्या रिकाम्या केल्या. २००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा पुष्कळ वादक परदेशातून आणावे लागले. एका पिढीने शिकवणे थांबवले की पुढच्या पिढीत माणूस विकत आणावा लागतो, तो असा.

राहिला आमच्यासारखा प्रादेशिक ऑर्केस्ट्रा. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेने गजाचे केस सैल पडतात, खुंट्या फुगून अडकतात, सरसाने जोडलेली व्हायोलिनची कड उकलते. त्याहून मोठी अडचण माणसांची. ओबोवादक मिळाला तर बसून मिळत नाही, मग बसूनची ओळ चेलोवर उतरवून घ्यावी लागते. व्हायोलिन शिकणारी मुले पुष्कळ आहेत, व्हायोला मात्र कोणालाच नको असतो, कारण त्याच्या वाट्यास धून क्वचितच येते. तो व्हायोलिनहून थोडा मोठा, तारा पंचमाने खाली लावलेल्या, आणि स्वरलिपीही निराळ्या चिन्हाने वाचावी लागते. आमचा एक व्हायोलावादक आखातात नोकरीस गेला, तेव्हा दुसऱ्या व्हायोलिनांतून कोणी तिकडे बसेल का, असे विचारण्यात आले. सवय होण्यास तीन महिने लागले. गेली चार वर्षे मी तेथेच बसतो.